ढब्बूने काढलेला माझा चेहरा

२ फेब्रुवारी

दादा, तुझा दमा कसा आहे? तिकडच्या थंडीत मफलर गुंडाळतोस की अजूनही पोरासारखा लाजतोस? वहिनी, तुमची पाठ आता सरळ होते का? ढब्बू, तू जेवतोस ना वेळेवर, की नुसता कागदावर डोकं घालून बसतोस? शेजारच्या चष्मेवाल्यांची अक्कलदाढ दुखत होती, ती राहिली का? या वयात येतेय म्हणजे उशिरा का होईना आली म्हणायची. माझी शिलाई मशीन, तुझा पट्टा परवा बदलला, आता कुरकुरत नाहीस ना? आणि गुडघ्यांनो, तुमचं काय?

दैनंदिनी अशी सुरू करत नाहीत हे मलाही कळतं. पण जन्मात मी लिहिलं ते दादाला पत्रच. शाळा चौथीत सुटली, पुढचं वाचायला शिकले ते कपड्यांच्या नमुन्यांच्या मासिकांवरून. हात आपला खुशालीपासूनच सुरू होतो. ही वही ढब्बूने दिली. म्हणाला, "आत्या, लिहून ठेव रोजचं. पुढे लोक विचारतील."

लोक कशाला विचारतील, तर मी पुस्तकात येणार आहे. ढब्बू चित्रकथा काढतो, चौकटी-चौकटींची, माणसांच्या तोंडातून फुगे निघतात तसली. मोठं नाव झालंय त्याचं. परवा माझ्या शिवणाच्या दुकानात आला, गुडघ्याशी बसला आणि म्हणाला की नव्या पुस्तकासाठी तुझा चेहरा हवाय. मी म्हटलं, "अरे, तरुणपणी कोणी मागितला नाही, आता कसला मागतोस." चष्मेवाले दारातून ओरडले की नायिकेचं काम असेल तर मी नायक व्हायला तयार आहे. दाढ दुखत होती तरी.

९ फेब्रुवारी

आज पहिली बैठक. ढब्बूची खोली तिसऱ्या मजल्यावर, जिना चढताना गुडघ्यांनी सगळा हिशेब विचारला. खोलीत एक तिरकं टेबल, शाईच्या बाटल्या, आणि भिंतीवर दोरीला कपडे वाळत घालावेत तसे कागद टांगलेले. मला स्टुलावर बसवलं आणि दिवा जमिनीवर ठेवला. खालून उजेड पडला की चेहऱ्याला वजन येतं म्हणे. येत असेल. माझ्या चेहऱ्याला आजवर वजन नव्हतं हे खरं.

हे इथे लिहून ठेवते, कारण पुढे विचारणाऱ्यांना ठाऊक नसेल. मला कोड आहे. कपाळापासून डाव्या डोळ्याभोवती हनुवटीपर्यंत पांढरं, मानेवर, आणि दोन्ही हातांवर मनगटापर्यंत, पांढरे मोजे घातल्यासारखं. लहान असतानाच सुरू झालं. घरात माझा कप वेगळा, टॉवेल वेगळा. लग्नाचं तर नावच नको. दादाच्या लग्नात फोटो काढणाऱ्याने मला न विचारता सगळा चेहरा एका रंगात सारवून टाकला. वहिनी अजून विचारतात, या फोटोत आमच्या शेजारी ही कोण, तुम्ही कुठे गेलात?

ढब्बू चार वर्षांचा असताना वहिनींचं मोठं आजारपण निघालं आणि तो माझ्याकडे आला. आला तो मोठा होऊनच गेला. पहिल्याच दिवशी माझ्याकडे टक लावून बघत होता. मग बोट दाखवून म्हणाला, कपाळावर बदक आहे आणि मानेवर शेळी. तेव्हापासून माझ्या मानेवर शेळी आहे.

आज त्याने ती शेळी काढली. बारीक निबने, कड अन् कड. बदकसुद्धा. मी बघितलं आणि डोळे भरून आले. इतक्या वर्षांत कोणीतरी मला न सारवता काढलं.

हसू नकोस म्हणत होता सारखा. मला त्याच्यासमोर न हसणं जमत नाही. शेवटी म्हणाला, ज्याचा तुला मनापासून राग येतो त्याला डोळ्यासमोर आण. शोधूनही सापडेना. मग एका दुकानदाराने एकदा मला कुजका दोरा विकला होता, त्याला आणलं. ढब्बू म्हणाला, "अशीच, अशीच थांब." मग हात पुढे, बोटं पसरून, कोणाला तरी शिवायला चालल्यासारखे. आशीर्वाद देत असेन.

मध्येच मी घरून नेलेलं पाणी पुढे केलं तर त्याने आपली बाटली दाखवली. हल्लीची पोरं सगळी बाटलीवाली.

२० फेब्रुवारी

ढब्बूला माझ्या अंगावर काळा झगा हवा होता. टाचेपर्यंत लांब, टोपीवाला, खाली फाटलेला. म्हटलं, तू कशाला विकत आणतोस, शिवणारी घरात असताना? चांगलं जाड कापड घेतलं. पण फाटलेली कड काढायला माझा हात होईना. आयुष्यात गिऱ्हाइकाला उसवलेली कड दिली नाही. शेवटी नीट दुमडून शिवली आणि मग डोळे मिटून कात्री चालवली. आत एक खिसा ठेवला. म्हाताऱ्या बाईला चष्मा, रुमाल, औषधाची गोळी ठेवायला खिसा लागतोच.

ढब्बू खिसा बघून हसत सुटला. "तिला खिसा कशाला, आत्या?"

तुला नाही, तिला म्हणाला. चित्रकारांचं बोलणं तसंच असेल, मीही गिऱ्हाइकांना 'तो निळा फ्रॉक' म्हणतेच. मी विचारलं, गोष्ट काय आहे रे? म्हणाला, एका शहराची आहे, लोक एकमेकांना घाबरतात त्याची. आणि मी? तो म्हणाला, "तू सगळ्यात महत्त्वाची आहेस. तुझ्याशिवाय गोष्टच नाही."

अंगावर मूठभर मांस चढलं. जिना उतरताना गुडघे बोललेच नाहीत.

३ मार्च

झग्याला बटणं लावली. बाकी काही नाही.

१८ एप्रिल

पुस्तक आलं. ढब्बू म्हणाला होता स्वतः आणून देईन, पण कामात असेल. मला धीर निघेना. दुकान सोडून जाता येईना, दातांच्या डॉक्टरीणबाई लेकीच्या लग्नाचा पोशाख टाकायला येणार होत्या. म्हणून चष्मेवाल्यांना पिटाळलं पुस्तकांच्या दुकानात. बऱ्याच वेळाने आले ते बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला मोठा गठ्ठा घेऊन. मी म्हटलं, आणलंत? तर म्हणाले, ह्या चष्म्याच्या फ्रेमा आहेत, पुस्तक संपलं.

पहिल्याच दिवशी संपलं. मी आनंदाने त्यांना चहा पाजला. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही. डोळ्यांत धूळ गेली म्हणाले. चष्मे विकणाऱ्याच्या डोळ्यांत धूळ, म्हटलं, तुम्हाला कोण चष्मा देणार? हसले नाहीत. एरवी माझ्या अर्ध्या विनोदालाही पुरं हसतात.

डॉक्टरीणबाईंना सांगितलं की मी एका पुस्तकात आले आहे. लेक म्हणाली, नक्की वाचेन. गोड पोर आहे. तिच्या पोशाखाच्या बाह्यांना मी स्वतः लेस विणणार आहे.

२४ एप्रिल

आज पहिली फिटिंग. पोरगी नेहमी भिंगरीसारखी बोलते, आज आरशासमोर खांबासारखी उभी. मी टेप घेऊन पुढे झाले तर डॉक्टरीणबाईंनी तो माझ्या हातातून घेतला. "माप मीच घेते, तुम्ही नुसतं सांगा." त्यांना शिकायची हौस आली असेल. त्यांनी काखेतलं माप इतकं सैल घेतलं की त्यात पोरगी नवऱ्यासकट मावेल. टाचण्याही त्यांनीच लावल्या. एक पोरीला टोचली.

पलीकडच्या गल्लीतल्या दोघी कपडे न शिवताच परत घेऊन गेल्या. लग्नसराईत माणसं घाई करतात.

ढब्बूचा फोन नाही. ग्रंथालयात त्याच्या पुस्तकाचा कार्यक्रम आहे, त्याची पत्रिका मात्र पोचली. खाली हाताने लिहिलंय, 'जमलं तर ये, आत्या. गर्दी फार असेल, त्रास करून घेऊ नकोस.' माझी किती काळजी.

२९ एप्रिल

लिहू की नको असं झालंय. लिहिते.

ठेवणीतले कपडे घातले. चष्मेवाले अडवत होते. आज ऊन आहे, आज तुमचा पाय सुजलाय, आज माझी दाढ दुखतेय, तुम्ही थांबा. मी म्हटलं, तुमची दाढ काय माझ्या पुतण्यापेक्षा मोठी? आणि गेले.

ग्रंथालयाच्या दारापेक्षा मोठा माझा चेहरा भिंतीवर टांगला होता. खालून उजेड. डोळे मी कधी केले नाहीत असे. हात पुढे, बोटं पसरलेली. बदक जागच्या जागी, शेळी जागच्या जागी. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'डागिणी'.

मला पहिल्यांदा वाटलं, हे माझंच दुसरं नाव असेल, पुस्तकातलं. पहिल्या ओळीत जाऊन बसले. शेजारच्या बाईकडे पुस्तक होतं, मागून घेतलं. डागिणी शहरात फिरते. ज्याला हात लावते त्याच्या अंगावर पांढरा डाग उठतो, तो डाग पसरत जातो आणि माणूस आपली माणसं विसरून डागिणीचा गुलाम होतो. आया पोरांना दारं लावून आत ठेवतात. एका पानावर ती एका बाळाच्या गालाला बोट लावते. ते बोट माझं आहे. अंगठ्याजवळ सुईचा जुना व्रण आहे, तोही त्याने सोडला नाही. मग लख्ख नावाची मुलगी येते, तिची कातडी नुसती चमकते, आणि ती डागिणीला उजेडाने जाळून टाकते. शेवटच्या पानावर माझा झगा जळत पडलाय. आतला खिसा दिसत नाही.

टाळ्या वाजल्या. ढब्बू व्यासपीठावर आला. प्रकाशकबाई त्याच्याबद्दल बोलल्या. मला काही ऐकू येत नव्हतं, मशीनचा पट्टा तुटल्यावर चाक नुसतं फिरतं तसं आत काहीतरी फिरत होतं.

मग मागून एक तरुण मुलगी उठली, शिक्षिका आहे म्हणाली. तिने विचारलं की आपल्या चित्रकथांतला वाईट माणूस नेहमी डाग असलेला, लंगडा, तिरळा किंवा भाजलेलाच का असतो? आणि चांगली ती नेहमी उजळच का? माझ्या वर्गातल्या कोड असलेल्या मुलीने हे पुस्तक कुठे बसून वाचायचं?

माणसं मागे वळून तिच्याकडे बघायला लागली. मला वाटलं, ढब्बू आता सांगेल. काय सांगेल ते ठाऊक नव्हतं, पण काहीतरी सांगेल.

ढब्बू म्हणाला की हे रूपक आहे. ही गोष्ट कातडीची नाही, भीतीची आहे. मग म्हणाला, "मी प्रामाणिकपणे सांगतो. मी अशाच एका आत्याच्या घरी वाढलो. ती मला भरवायची आणि मला वाटायचं आता मलाही होणार. मी गुपचूप नळावर जाऊन तोंड घासायचो. ती भीती मी काढली आहे. मी खोटं काढू शकलो नसतो."

पहिल्यापेक्षा जोरात टाळ्या वाजल्या. प्रकाशकबाई म्हणाल्या, किती प्रांजळ. तेव्हा ढब्बूची नजर माझ्यावर पडली. पडली आणि पुढे गेली.

माझेही हात टाळीसाठी उठले होते, इतक्या वर्षांची सवय. एकमेकांवर आपटणारे ते पांढरे हात मला दिसले आणि मी ते मांडीखाली घेतले. शेजारच्या बाईने आपलं पुस्तक परत मागितलं नाही. म्हणाली, राहू दे तुमच्याकडे.

१ मे

चष्मेवाले आले आणि काउंटरवर हात टेकून उभे राहिले. त्या दिवशीचा गठ्ठा फ्रेमांचा नव्हता. दुकानात होती तेवढी सगळी पुस्तकं त्यांनी विकत घेऊन स्वतःच्या काउंटरखाली लपवली होती. म्हणाले, "मला वाटलं, या गल्लीपुरतं तरी थांबेल." दुसऱ्या दिवशी दुकानदाराने खूश होऊन दुप्पट मागवली. म्हणजे गल्लीत ढब्बूच्या पुस्तकाचा खप वाढवला तो माझ्या मित्राने. आम्ही दोघेही हसलो. मग ते हसायचे थांबले आणि मला थांबता येईना, आणि ते हसणं नव्हतं.

दुपारी डॉक्टरीणबाई आल्या. पोशाख आहे तसा द्या म्हणाल्या, एका बाहीला लेस, दुसरी उघडी. मी विचारलं, काही चुकलं का?

"तुमचं काही नाही हो चुकलं. मी डॉक्टर आहे, मला माहीत नाही का, कोड काही शिवल्याने होत नाही. पण पोरीच्या मनात बसलंय. लग्न आहे, तिला रडवून कसं चालेल?"

त्या वाईट बाई नाहीत. कपडा पिशवीत भरताना त्यांनी मला स्पर्श होऊ नये म्हणून पिशवी उघडी धरली आणि मी वरून टाकला. कचरा टाकतात तसा. ते त्यांना कळलंही नसेल.

मापाचं काम थांबलंय. पडदे येतात आणि उशांचे अभ्रे येतात. ज्यांना अंग नसतं त्यांचं शिवायला लोकांची हरकत नाही.

५ मे

ढब्बू आला. उंबऱ्याशी उभा राहिला. ये म्हणायची माझी वाट बघत होता, आणि मी म्हटलं, ये. सवयच ती.

म्हणाला, डागिणी म्हणजे तू नाहीस, आत्या. मी विचारलं, मग शेळी कोणाची? तो म्हणाला, चित्रकार आजूबाजूचंच घेतो, दुसरं कुठून आणणार? मी म्हटलं, घे की. तुला मी कधी हात आखडता घेतला? चेहरा मागितलास, दिला. झगा मागितलास, शिवला. फक्त कशासाठी नेतोयस ते सांगायचं राहिलं तुझं.

"सांगितलं असतं तर तू आली असतीस?"

"नसते आले."

"मग?"

मग काय ते त्यालाच ऐकू आलं असावं. खाली बघायला लागला. मी त्याला सांगितलं की डॉक्टरीणबाईंनी पोशाख नेला, आता बायका मला माप घेऊ देत नाहीत. त्याला खरंच वाईट वाटलं. लोक इतके अडाणी असतील असं वाटलं नव्हतं, म्हणाला. ते रूपक आहे हे त्यांना कळायला हवं होतं. मी म्हटलं, रूपकाला दुकान उघडून बसावं लागत नाही रे बाबा.

तेव्हा त्याचा चेहरा उजळला. बॅगेतून एक जाड कागद काढला. "यासाठीच आलोय, आत्या. मी दुरुस्त करतोय सगळं. दुसऱ्या भागात डागिणी मेलेली नसते. लख्ख तिला मिठी मारते आणि तिचे सगळे डाग जातात. ती बरी होते. चांगली होते. बघ."

बघितलं. मीच होते, हसत होते, कपाळापासून गळ्यापर्यंत एका रंगाची. सुंदर दिसत होते. दादाच्या लग्नातल्या फोटोत दिसते तशी.

केसाने गळा कापणं म्हणजे काय ते मला ग्रंथालयात नाही कळलं, इथे कळलं, माझ्या दुकानात, त्याच्या आनंदाने. त्या पोराला खरंच वाटत होतं की तो माझ्यासाठी भेट घेऊन आलाय.

मी कागद परत दिला आणि चहा घेणार का विचारलं. म्हणाला, आत्ताच घेऊन आलो.

११ मे

कालपासून शब्द जुळवतेय. उद्या स्वच्छ अक्षरात उतरवून ढब्बूला पाठवणार. इथे कच्चं लिहून ठेवते.

चि. ढब्बू,

तू बरा आहेस ना? खोकला गेला का? दादाचा फोन आला होता, दोघं ठीक आहेत, वहिनींची पाठ आता बरी आहे. त्यांना पुस्तक पाठवू नकोस, निदान एवढ्यात नको. चष्मेवाले तुझ्यावर चिडलेत. भेटले तर वाद घालू नकोस, मान खाली घाल आणि ऐकून घे. मी बरी आहे. पडदे शिवतेय.

तू नळावर जाऊन तोंड घासायचास, हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं तुला स्वच्छतेची आवड आहे, आणि मी ते कौतुकाने सांगत फिरायचे. त्याचा मला राग नाही. चार वर्षांचं पोर आई सोडून परक्या घरी येतं, ते कशालाही घाबरेल. तू बादलीलाही घाबरायचास. ती भीती तू काढलीस, ठीक. पण तुझं पुस्तक मी आता तीनदा वाचलं, आणि मला एक पान सापडत नाही. भीती आली ते पान आहे. ती वाढली ती पानं तर भरपूर आहेत. ती गेली ते पान कुठे आहे? तापात तू माझ्याच कुशीत झोपायचास. माझ्याच हातचं शिवलेलं घालून शाळेत गेलास. ते सगळं तू घाबरत घाबरतच केलंस का?

दुसऱ्या भागात मला बरी करू नकोस. मला काही झालेलं नाही. मी नुसती अशी आहे. जाळून टाकलीस ते चाललं, ती डागिणी होती. पण पुसून टाकशील ती मी असेन. तो कागद छापलास तर तुझं माझं संपलं, हे मी रागाने म्हणत नाही, सकाळी चहा पिऊन शांतपणे लिहितेय.

माफी मागू नकोस. ती तू छान लिहिशील आणि तीही कुठेतरी छापून येईल. मला फक्त एक सांग, ती भीती गेली की नाही. गेली असेल तर ते पान काढ, मग मी पुन्हा त्या स्टुलावर येऊन बसेन, दिवा कुठेही ठेव. गेली नसेल तर तसं लिही. नुसतं 'नाही' लिहिलंस तरी चालेल, मी वाचीन.

पण लिही, ढब्बू. आणि लवकर लिही.

तुझी,
आत्या